वेशीबाहेरचे तीन दिवस

सोम. २ फेब्रु.
इंटर्नशिपचा तिसरा आठवडा संपला, अजून स्वतःची खुर्ची नाही. ज्याची रजा त्याची खुर्ची. आज अकाउंटवाल्या बाईंच्या जागी, बरोबर एसीखाली, स्वेटर घालून. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तिसरा मजला. तळाला प्लेटिंगचं युनिट, त्याच्या ॲसिडचा वास जिन्यात कायम. आणि वर आम्ही जगाचा कार्बन मोजतोय!

केदार सर (इथून पुढे नुसतं के., हात दुखतो) म्हणाले, "स्नेहल, तुझ्यासाठी झकास काम काढलंय." झकास काम म्हणजे चुलींचे फॉर्म तपासणे. कंपनीने कोकणात दहा गावांत कमी लाकडावर चालणाऱ्या चुली वाटल्यात. किती लाकूड वाचलं ते मोजायचं, म्हणजे तेवढा धूर वाचला असं दाखवता येतं आणि ते क्रेडिट बाहेरच्या कंपन्यांना विकता येतं. मोजायची रीत अशी: माणसाने एका घरी सलग तीन दिवस जायचं, रोज लाकडाचा भारा काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा. मी ते आकडे बघायचे आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव टाकायचं. "डेटा तपासला: स्नेहल."

हाच माझा प्रबंध. गाईड मॅडमनी विषयाला हो म्हटलंय. कंपनीचं सर्टिफिकेट आलं की शेवटचं सेमिस्टर पूर्ण, नाही आलं तर पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. बँकेतली नोकरी सोडून शिकायला बसले आहे, परत पहिल्यापासून परवडणार नाही.

बुध. ४ फेब्रु.
जेवताना बाबा: "काय, आमच्या धुराच्या डिग्रीचं कुठवर आलं?" शेजारच्या नाईककाकांनाही तसंच सांगतात. पण काकांनी "पुढे स्कोप आहे का?" विचारलं की लगेच ताठ बसतात आणि म्हणतात, पुढे सगळं तेच आहे.

आई आज उडत होती. निलेशचं जमलं! निलेश म्हणजे मामाचा मुलगा. मुंबईतली कुरिअरची नोकरी गेल्यावर दोन वर्षं गावी नुसता बसून होता, मामी त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. मागच्या सेमिस्टरला के. आमच्या वर्गावर लेक्चर द्यायला आले, तेव्हा सहज म्हणाले होते की कोकणात बाइकवर फिरणारा, भाषा येणारा माणूस हवाय. मी निलेशचा नंबर दिला. आता गावात त्याला "सर्वेवाले" म्हणतात. मुलीकडच्यांनी होकार दिला तो त्या सर्वेवर. लग्न मे महिन्यात.

आई म्हणाली, "तुझ्यामुळे झालं हो हे सगळं." मी मिजाशीत आणखी एक पोळी घेतली.

शुक्र. ६ फेब्रु.
वाट लागली.

नऊ गावं झाली होती. दहावं आमचं, आईच्या माहेरचं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, ओळखीची नावं वाचायला मजा येईल म्हणून. आली पण. सदू आबा, शाळेजवळच्या वयनी, मामाच्या मागच्या घरातली जानकीकाकी (आईची लहानपणची मैत्रीण). चाळीस घरं. साडेतीन किलो, साडेतीन किलो, चार किलो. सगळं कसं छान. मग तारखा बघितल्या. ११, १२, १३ डिसेंबर.

११ ते १३ डिसेंबर आई गावपळणीला गेली होती. मला पक्कं आठवतंय, कारण तिन्ही दिवस बाबांना मी पिठलं-भात घातला आणि तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "उद्या येते ना गं तुझी आई?" तरी मागची वही काढून बघितली. आहेच. "आई गेली. पिठलं."

गावपळण असताना गावात माणूस नसतं. कुत्रंसुद्धा नसतं. सगळा गाव वेशीबाहेर माळावर झोपड्या बांधून राहतो, तीन दिवस तीन रात्री. घरात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. मग त्या चाळीस घरांत काटा घेऊन कोण गेलं? कोणाच्या चुलीपुढचं लाकूड मोजलं?

नाव टाकलं नाही. लॅपटॉप बंद केला आणि के.ना डोकं दुखतंय सांगून निघाले. खरंच दुखत होतं.

शनि. ७ फेब्रु.
निलेशला फोन. गच्चीवर जाऊन, आई खाली भाजी निवडत असताना.

आधी हसला. मग मी तारखा वाचून दाखवल्या.

"अगो, तुझ्या सायबान तारखो दिल्यान. आणि देवान कौल पण त्याच दिवसांचो दिल्यान. मी काय देवाक सांगू, थांब, माझो सर्वे आसा म्हणान?"

"मग सरांना फोन करायचा ना रे! एक आठवडा पुढे ढकला म्हणायचं."

"केल्लंय. सायब म्हणालो, पंधराच्या आत व्हया म्हणजे व्हया. माळावर बसान भरलंय सगळे. म्हंबईत कोणाक कळतला?"

मला कळलं ना, गाढवा. ओरडले त्याच्यावर. मूर्ख, बेअक्कल, सगळं म्हटलं. शेवटी विचारलं, निदान आकडे तरी आधीच्या कुठल्या दिवसाचे आहेत का. तेव्हा दुसरी गोष्ट बाहेर आली. अर्ध्या घरांत ती चूल माळ्यावर पडलीय. तोंड लहान आहे, पेजेचं मोठं तपेलं तिच्यावर बसत नाही. पेज तर रोज सकाळी हवी. म्हणून सगळे आपल्या जुन्याच चुलीवर.

म्हणजे नुसती तारीख खोटी नाही. वाचलेलं लाकूडच खोटं.

शेवटी म्हणाला, "तू कोणाक सांगू नको हां गो. लगीन होवंदे." आणि ठेवला.

सोम. ९ फेब्रु.
के.ना सांगितलं. रविवारभर ठरवत होते, निलेशला वाचवून कसं सांगता येईल. नाही आलं जमत. तारखा म्हटल्या की निलेश आलाच.

के. मुलुंडचे, तीन पिढ्या तिथेच. गावपळण हा शब्दच पहिल्यांदा ऐकला त्यांनी. "म्हणजे अख्खं गाव? म्हातारी माणसं पण? आणि चोऱ्या नाही होत?" फार आवडलं त्यांना. मोबाइलवर फोटो शोधायला लागले. मी आपली उभीच.

मग खुर्ची मागे घेऊन: "बस. मला सांग, चुली दिल्या की नाही दिल्या? दिल्या. लोकांच्या घरात आहेत? आहेत. मग मुद्दा फक्त तारखेचा आहे ना? तीन तारखा एक आठवडा पुढे घे. अठरा, एकोणीस, वीस. पंधराची मुदत आपली आतली, बाहेर कोणाला माहीत नाही. गाव परत आलं होतं ना तोवर?"

चुली माळ्यावर आहेत हे मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तोंडाशी आलं होतं. ते म्हणाले, "नाहीतर मला त्या मुलाला काढावं लागेल, आणि वर लेखी द्यावं लागेल की माणूस कोणी सुचवला होता." आवाज अगदी मऊ. मला चहा पण मागवला.

मंगळ. १० फेब्रु.
केलं.

चाळीस ओळी. एक तारीख बदलून खाली ओढायची, बास. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग शेवटच्या रकान्यात चाळीस वेळा माझं नाव.

निलेशसाठी केलं असं स्वतःला सांगत होते. घरी येताना मेट्रोत आमचं असल्फा स्टेशन कधी गेलं कळलं नाही, थेट घाटकोपरला उतरले आणि परत मागे आले. निलेशसाठी केलं हे अर्धंच खरं आहे. सर्टिफिकेट हवंय मला. आणि के.नी मागच्या आठवड्यात नोकरीचं बोलून दाखवलंय, तीही हवीय.

शुक्र. १३ फेब्रु.
गाईड मॅडमकडे तिसरं प्रकरण दिलं होतं. आज बोलावलं. मला वाटलं संपलं. तर चष्मा काढून म्हणाल्या, "तुझं आत्तापर्यंतचं हे सगळ्यात चांगलं लिखाण. आकड्यांत किती सातत्य आहे बघ."

असणारच ना सातत्य. एकाच माणसाने एका झोपडीत बसून लिहिलेत.

वर्गात आज मॅडमनी बेसलाइन परत शिकवली, पहिल्या वर्षाच्या मुलांना. मी मागे बसले होते. चूल दिली नसती तर काय झालं असतं, ते आधी प्रामाणिकपणे लिहा, त्याशिवाय पुढचा एकही आकडा खरा नाही, असं फळ्यावर लिहिलं. दोन वर्षांपूर्वी हेच ऐकून मी वेडी झाले होते. वाटलं होतं, बँकेत लोकांना नको असलेली पॉलिसी गळ्यात मारण्यापेक्षा हे किती स्वच्छ काम आहे. खरंच असं वाटलं होतं. आज उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

मॅडमना सांगावंसं वाटलं. दारापर्यंत गेले. पण मॅडम याच कंपनीच्या सल्लागार मंडळावर आहेत, पाटी के.च्या केबिनमध्येच लावलीय. परत आले.

रवि. १५ फेब्रु.
महाशिवरात्र. आईचा उपास, म्हणून आम्हालाही साबुदाण्याची खिचडी आणि रताळी.

आईला सांगून टाकलं. सगळं. मला वाटलं ती चिडेल निलेशवर. तिने रताळं सोलता सोलता ऐकलं. मग पहिला प्रश्न काय, तर "गावपळणीत कामाचं लिहीत बसला होता? देवाचं तरी भान ठेवायचं." म्हणजे तिला खोटं लिहिल्याचं नाही, माळावर बसून लिहिल्याचं वाईट वाटलं!

म्हटलं, "आई, मी पण खोटं केलंय. माझं नाव आहे तिथे."

तेव्हा मात्र सुरी ठेवली खाली. मग: "मे महिना जाऊ दे गं. नंतर काय ते बघ. तुझ्या मामीने चार वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःहून फोन केला."

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, ऐकलं त्यांनी. घर दोन खोल्यांचं, न ऐकून जातायत कुठे. संध्याकाळी जेवताना धुराच्या डिग्रीबद्दल काही म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं.

बुध. १८ फेब्रु.
पडताळणीवाला येतोय. बाहेरची संस्था, त्यांचा माणूस हैदराबादचा, सगळे राव साहेब म्हणतात. तो आपले फॉर्म तपासणार, तो हो म्हणाला तरच क्रेडिट मिळणार. गावी जाणार नाही, वेळ नाही. इथे ऑफिसात बसून बारा घरांना व्हिडिओ कॉल करणार. घरं त्याचा कॉम्प्युटर निवडणार. सर्व्हे करणारा माणूस तेव्हा त्या घरात असता कामा नये, अशी अट.

त्याला मराठी येत नाही. दुभाषी लागणार. ज्या प्राध्यापकांना सांगितलं होतं त्यांनी दोन म्हाताऱ्यांचं रेकॉर्डिंग ऐकून हात टेकले, मालवणी कळत नाही म्हणाले.

आणि के.नी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "स्नेहल आहे की. मालवणी येते. आणि कंपनीची नाही, विद्यार्थिनी आहे, म्हणजे तटस्थ."

तटस्थ! सगळे मान हलवत होते. मी पण हलवली.

गुरु. १९ फेब्रु.
आज सहज त्या शीटचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं सगळं दिसतं त्यात. "१० फेब्रु., दुपारी ४.१२, स्नेहल." चाळीस ओळी हिरव्या. आधीची तारीख खोडलेली, नवी शेजारी. के.चं नाव कुठेच नाही. ते फक्त बोलले होते.

परत जुन्या तारखा टाकाव्यात असं मनात आलं. पण तेही दिसेलच ना. कुठलंही बटण दाबलं तरी माझंच नाव उमटणार.

वर्गातल्या ग्रुपवर रिद्धीचे पेढे. तिला गुजरातमधल्या पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरी मिळाली. तिने सहा महिने काय केलं? पाती मोजली. सुखी आहे पोरगी. अभिनंदनाचे तीन फुगे पाठवले.

सोम. २३ फेब्रु.
राव साहेब आले. वाटलं होतं कोणी करडा माणूस असेल. पन्नाशीचा, बारीक, स्वतःचा डबा आणलेला. मला "बेटा" म्हणतो. दुपारी विचारलं, कोर्स कसा आहे, आवडतो का. म्हटलं आवडतो. "अच्छा काम है," म्हणाला, "बस लोग सच बोलें तो." सहज म्हणाला, काही मनात नव्हतं त्याच्या.

बारा घरं निघाली. त्यातली तीन आमच्या गावची. तिसरं जानकीकाकीचं.

नावं फुटायला नको म्हणून यादी फक्त राव, के. आणि माझ्याकडे. तासाभरात निलेशचा फोन. "तिनय घरांत जावन सांगान इलंय. काय बोलूचा ता सगळा. चुली पण माळ्यावरसून खाली काढल्यांव, धुवन पुसान." म्हणजे के.नी यादी दिली त्याला. मी विचारलं, "काकी काय म्हणाली?" म्हणाला, "काय नाय. चाय घालून दिल्यान."

आईने विचारलं उद्या काय घालून जाणारेस. जसं काही मला बघायलाच येतायत.

मंगळ. २४ फेब्रु., दुपारी २.१०, ऑफिस
जेवायची सुट्टी चालू आहे. मी जेवले नाही. अकाउंटवाल्या बाई आज आल्यात, म्हणून पॅन्ट्रीतल्या स्टुलावर बसून लिहितेय.

सकाळपासून अकरा कॉल झाले. आमच्या गावची पहिली दोन घरं पाठ केलेलं बोलली. सदू आबांनी तर मी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर दिलं. अठरा, एकोणीस, वीस, तीनय दिवस निलेश इल्लो, लाकडा जोखल्यान. मी सगळं हिंदीत सांगितलं. राव लिहीत गेले. माझा आवाज जराही हलला नाही, याचंच नवल वाटतंय. इतकं सोपं असतं?

शेवटचा कॉल काकीचा. फोन तिच्या सुनेने धरलेला. मी कॅमेऱ्यात नव्हते, बाजूला बसून नुसती बोलत होते. घरात माणसं किती विचारलं. तर काकी प्रश्न सोडून स्क्रीनच्या जवळ आली.

"आवाज वळाखलंय गो तुझो. सुमनची चेडू मां तू? बरी आसस?"

सुमन म्हणजे आई. राव हसले. "जान-पहचान है?" मी म्हटलं, विचारपूस करतायत, गावाकडे सगळ्यांशीच असं बोलतात. ते मान हलवून म्हणाले, पूछो, लकडी किसने तौली, कौन से दिन.

मी विचारलं. काकीने आधी सुनेकडे बघितलं, मग परत स्क्रीनकडे. रागावून नाही, टोमणा मारून नाही. मुलीला भाजीत मीठ किती घालू विचारावं तितक्या साधेपणाने म्हणाली:

"बाय, निलेशान सांगल्यान हा ता सांगू, काय खरा सांगू?"

आणि तिकडची रेंज गेली. काकीचा चेहरा तसाच स्क्रीनवर राहिला, तोंड अर्धं उघडं.

राव माझ्याकडे वळले. "क्या बोलीं?"

मी म्हटलं, आवाज कट गया, सर.

"कोई बात नहीं. खाना खा लेते हैं. ढाई बजे फिर लगाएँगे." फॉर्मवर त्या ओळीपुढे फुली नाही, बरोबरची खूण नाही. नुसतं पेन ठेवलं आडवं. के.नी बाहेर जाताना मला अंगठा दाखवला.

काकीचा माझ्या स्वतःच्या नंबरवर दोनदा मिस्ड कॉल. आईकडून नंबर घेतला असणार. म्हणजे आईला कळलंय, आणि आईने नंबर दिला, आणि आईचा एकही मेसेज नाही. काय कर हे ती पण सांगत नाहीये.

काकीचं सरळ आहे. तिला काही लपवायचं नाही, काही मिळवायचं पण नाही. तिने फक्त मला विचारलं. मी म्हटलं खरं सांग, तर ती खरं सांगेल, निलेशचं मे महिन्यातलं लग्न, माझं सेमिस्टर, हिरव्या चाळीस ओळी, सगळं गेलं तरी. मी म्हटलं निलेशने सांगितलं तेच सांग, तर तेही सांगेल, आणि आयुष्यात परत त्याबद्दल एक शब्द काढणार नाही. पण तिला माहीत असेल.

२.१८. राव साहेब डबा धुऊन आले. आत प्रोजेक्टर लावतायत.

काकीचा तिसरा फोन वाजतोय.